दोघांच्या टेबलावरचा तिसरा लेखक

मुलं झोपली की स्वीडनमधल्या त्या घरात लिखाण सुरू व्हायचं. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर बसत. ती एक प्रकरण लिहायला घेई, तो त्याच्या पुढचं. एकाच कादंबरीची लागोपाठची दोन प्रकरणं एकाच रात्री दोन वेगळ्या हातांनी कागदावर उतरत. मग कागदांची अदलाबदल व्हायची. तिनं लिहिलेलं तो वाचायचा, टाइप करता करता दुरुस्त करायचा. त्यानं लिहिलेलं ती. माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात अशा दहा कादंबऱ्या लिहिल्या. स्टॉकहोमचा पोलीस अधिकारी मार्टिन बेक याच्या या कादंबऱ्या आज वाचायला घेतल्या, तर कुठलं प्रकरण तिचं आणि कुठलं त्याचं, याचा पत्ता लागत नाही.

लेखक-संगीतकारांच्या जोड्या आपल्याला नव्या नाहीत. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सलीम-जावेद ही नावं आपण एका दमात घेतो. पण सिनेमा आणि सिनेमाचं गाणं यांना मुळातच अनेकांचे हात लागलेले असतात. कादंबरीचं तसं नसतं. कादंबरी वाचताना कुणीतरी एकच माणूस शेजारी बसून आपल्याला गोष्ट सांगतोय असं वाटत राहतं. त्याची म्हणून एक चाल असते, त्याचा म्हणून एक कल असतो. वाक्य कुठे तोडायचं, कशाकडे बघायचं, काय न सांगता सोडून द्यायचं, हे सगळं त्या एका माणसाचं असतं. मग दोन माणसं मिळून असा एक माणूस तयार कसा करतात? मला हे फार मोठं नवल वाटतं. जितकं खोलात जावं तितकं लक्षात येतं, की असा माणूस आपोआप उगवत नाही. नियम घालून, कागद बदलून, भांडून आणि बरंच काही सोडून देऊन तो घडवावा लागतो.

शोवाल आणि वालो यांची ओळख साठच्या दशकाच्या सुरुवातीला झाली. दोघंही पत्रकारितेतले. त्याच्या नावावर आधीच कादंबऱ्या होत्या, ती नियतकालिकांत आणि प्रकाशनात काम करत होती. त्यांनी लग्न केलं नाही, पण तो जाईपर्यंत ती एकत्र राहिली. पहिल्या कादंबरीचं बीज एका बोटीवर पडलं. स्टॉकहोमहून गोथेनबर्गला जाणाऱ्या कालव्यातून ती दोघं प्रवास करत होती. बोटीवर एक अमेरिकन बाई एकटीच उभी होती आणि पेरची नजर तिच्याकडे वळत होती. ते बघून मायनंच सुचवलं, की या बाईच्या खुनानंच पुस्तक का सुरू करू नये. 'रोझॅना' ही कादंबरी तशीच सुरू होते. मोताला गावाजवळ, बोरेनशुल्टच्या जलद्वारापाशी गाळ उपसणाऱ्या यंत्राला एका तरुणीचं प्रेत लागतं. ती कोण, कुठली, कुणालाच माहीत नसतं. ती अमेरिकेतल्या लिंकन, नेब्रास्का इथली ग्रंथपाल होती, एवढं कळायलाच पोलिसांचे महिने जातात. पुढे त्या बोटीवरच्या प्रवाशांनी सुट्टीत काढलेले फोटो आणि हौशी चित्रफिती देशोदेशीहून गोळा केल्या जातात. कुठल्या तरी फोटोच्या कोपऱ्यात ती बाई आणि तिच्या आसपास घोटाळणारा माणूस दिसेल, एवढ्या आशेवर बेक आणि त्याचे सहकारी ते ढीग चाळत बसतात.

ही जोडी एकजीव का झाली, याचं एक उत्तर या दृश्यातच आहे. शोवाल-वालोंनी आपल्यासाठी निवडलेला कथाप्रकारच सांघिक कामाचा होता. त्यांच्या कादंबरीत एकटा बुद्धिमान गुप्तहेर दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून रहस्य उलगडत नाही. इथे एक कंटाळलेलं, दमलेलं, आपसात कुरबुरणारं पथक आहे. पोट बिघडलेला बेक, बोलघेवडा आणि खवय्या कोलबर्ग, तापट आणि धिप्पाड गुनवाल्ड लार्सन, एकदा वाचलेलं कधीही न विसरणारा मेलांडर. कुणाला एक धागा सापडतो, कुणाला दुसरा. जबान्या प्रश्नोत्तरांच्या रूपात तशाच्या तशा येतात, अहवाल येतात, तारा येतात. भाषा कोरडी, नेमकी, वर्णनाचा फुलोरा नसलेली. अशा गद्यात एका हातानं लिहिलेल्या पानाशेजारी दुसऱ्या हातानं लिहिलेलं पान ठेवलं, तर सांधा दिसत नाही. कुणी म्हणेल, भाषा इतकी साधी ठेवली तर एकसारखं लिहिणं सोपंच आहे. तसं नाही. शोवालनं पुढे मुलाखतींत सांगितलं, की त्यांना शैली शोधावी लागली. त्याची म्हणून ओळखू येणारी नको होती, तिची म्हणूनही नको होती. जी दोघांची मिळून असेल, जी पुस्तकाला शोभेल आणि शिकलेल्या-न शिकलेल्या कुठल्याही वाचकाला वाचता येईल, अशी त्यांना हवी होती. म्हणजे लेखक वर्षानुवर्षं खपून जी स्वतःची लकब कमावतो, ती दोघांनीही उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मग लिहायला बसायचं.

दुसरं उत्तर आराखड्याचं. लिहायला बसण्याआधी त्यांचं बोलणं संपलेलं असे. ठिकाणं पाहून झालेली असत, अंतरं मोजलेली असत, प्रत्येक प्रकरणात काय घडणार हे ठरलेलं असे. आणि हा आराखडा एका पुस्तकापुरता नव्हता. दहाच कादंबऱ्या लिहायच्या, प्रत्येकीत तीसच प्रकरणं ठेवायची, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. म्हणजे सगळी मिळून तीनशे प्रकरणांची एकच प्रचंड कादंबरी. तिला त्यांनी 'एका गुन्ह्याची कादंबरी' असं सामायिक नाव दिलं. दोघंही डाव्या विचारांची. कल्याणकारी राज्य म्हणून जगभर वाखाणल्या जाणाऱ्या स्वीडननं आपल्या गरिबांना आणि एकाकी माणसांना वाऱ्यावर सोडलं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पहिल्या पुस्तकांत हा सूर हलका आहे. वाचक मालिकेत रुळल्यावर तो चढत जातो. स्टॉकहोममधल्या दुमजली बसमध्ये झालेल्या हत्याकांडापासून सुरू होणारी 'द लाफिंग पोलिसमन' १९६८ साली आली. १९७१ साली तिला अमेरिकेतल्या रहस्यकथालेखकांचा एडगर पुरस्कार मिळाला आणि १९७३ साली हॉलिवूडनं ती सॅन फ्रान्सिस्कोत नेऊन तिच्यावर वॉल्टर मॅथाऊला घेऊन सिनेमा काढला. हेनिंग मानकेल यांच्यासारख्या पुढच्या पिढीतल्या स्कँडिनेव्हियन लेखकांनी या जोडीचं ऋण उघडपणे मान्य केलं आहे. इतकं दूरवर पोचलेलं हे काम घरातली कामं उरकल्यावर, मुलं निजल्यावर, रात्रीच्या उरलेल्या तासांत झालं.

प्रकरणं वाटून घेण्याची ही रीत झाली. मॉस्कोत याच्या अगदी उलट रीत चालली होती. ओडेसात जन्मलेले इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव १९२०च्या दशकात मॉस्कोत रेल्वे कामगारांच्या 'गुदोक' या वर्तमानपत्रात नोकरीला होते. पेत्रोवचा थोरला भाऊ वालेंतीन कातायेव तेव्हा नावाजलेला लेखक होता. त्यानं दोघांना एक कल्पना दिली: बारा खुर्च्यांपैकी एकीच्या गादीत हिरे शिवलेले आहेत आणि खुर्च्या देशभर विखुरल्या आहेत. तुम्ही लिहा, मी वरून हात फिरवतो, असं त्याचं म्हणणं होतं. दोघांनी पहिला भाग लिहून दाखवला. तो ऐकल्यावर कातायेवनं स्वतःचं नाव मागे घेतलं. माझ्या हाताची इथे गरज नाही, पुस्तक तुमचंच, असं त्यानं सांगितलं. 'बारा खुर्च्या' १९२८ साली आली आणि तिच्यातला ओस्ताप बेंडर हा लाघवी लफंगा रशियन भाषेचा कायमचा रहिवासी झाला.

इल्फ आणि पेत्रोव प्रकरणं वाटून घेत नसत. एका खोलीत बसून प्रत्येक वाक्य दोघांच्या तोंडून घासून जाईपर्यंत कागदावर उतरत नसे. दिवसभराची नोकरी संपल्यावर, रिकाम्या झालेल्या संपादकीय खोलीत, रात्री उशिरापर्यंत हे चाले. त्यांचा एक नियम पेत्रोवनं लिहून ठेवला आहे. मला तो लेखनाविषयीच्या सगळ्यात शहाण्या नियमांपैकी एक वाटतो. एखादा शब्द दोघांना एकाच क्षणी सुचला, तर तो टाकून द्यायचा. दोन वेगळ्या डोक्यांत तो एकदमच आला, याचा अर्थ तो हाताशीच पडलेला होता. कुणालाही सुचला असता. आता याचा परिणाम काय होतो ते पाहा. एकटा लेखक पहिल्यांदा सुचलेल्या शब्दावर खूश होऊन पुढे जातो, कारण तो शब्द सर्वांनाच सुचण्यासारखा आहे हे त्याला दाखवणारं समोर कुणी नसतं. इथे समोर दुसरा माणूस आहे. दोघांचं एकमत झालं की धोक्याची घंटा वाजते. मग दोघांनाही आपापल्या सवयीच्या पलीकडे जाऊन तिसरा शब्द शोधावा लागतो, आणि तो शब्द ना याचा असतो ना त्याचा.

मोठे मतभेदही होतच. 'बारा खुर्च्या'च्या शेवटी बेंडरला मारायचं की जिवंत ठेवायचं यावर दोघांचं जुळेना. अखेर त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. साखरेच्या भांड्यात कागदाचे दोन तुकडे. त्यातल्या एकावर थरथरत्या हातानं कवटी आणि कोंबडीची दोन हाडं काढलेली. कवटीची चिठ्ठी निघाली आणि अर्ध्या तासात नायकाचा गळा चिरला गेला. ही हकिकत त्यांनीच पुढच्या 'सोनेरी वासरू' या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. त्या कादंबरीसाठी त्यांना बेंडरला परत जिवंत करावं लागलं; तो येतो तो गळ्यावर व्रण घेऊनच.

पुढे १९३५-३६च्या सुमारास दोघं मोटारीनं अमेरिका फिरून आले. त्या प्रवासाच्या पुस्तकात त्यांनी प्रथमच वेगवेगळं लिहून पाहिलं. वीस प्रकरणं इल्फनं एकट्यानं लिहिली, वीस पेत्रोवनं आणि सात दोघांनी मिळून. दहा वर्षं एकेक शब्द एकत्र तोलल्यानंतर आता एकटं लिहिताना काय होईल, अशी त्यांना धास्ती होती. कुठलं प्रकरण कुणाचं ते मी ओळखतो, असं एका टीकाकारानं छातीठोकपणे सांगितलं, आणि त्याला ओळखता आलं नाही. पेत्रोवला त्यातून कळलं, की दहा वर्षांत दोघांची मिळून एकच शैली झाली आहे आणि ती आता दोघांपैकी कुणी एकटा बसला तरी त्याच्या हातातून उतरते. म्हणजे दोघांनी मिळून घडवलेला तो तिसरा लेखक आता दोघांच्याही आत राहायला आला होता.

तिसरी रीत अमेरिकेतली. ब्रुकलिनमध्ये जन्मलेले दोन मावसभाऊ, फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली, यांनी १९२८ साली एका कादंबरी स्पर्धेसाठी एलरी क्वीन हे नाव घेतलं. लेखकाचं नाव तेच, गोष्टीतल्या गुप्तहेराचंही तेच. १९२९ साली 'द रोमन हॅट मिस्ट्री' छापून आली आणि हे नाव घरोघरी पोचलं. त्यांची विभागणी स्वच्छ होती. कथानक, धागेदोरे, फसवे माग, पात्रांचे स्वभाव, हे सगळं डॅने रचायचा आणि लांबलचक टिपण लिहून काढायचा. त्या सांगाड्यावर मांस आणि कातडी चढवायची ती लीनं. १९३०च्या दशकात दोघं चेहऱ्यावर मुखवटे चढवून व्यासपीठावर येत. एक एलरी क्वीन, दुसरा बार्नबी रॉस, हे त्यांचंच दुसरं टोपणनाव. प्रेक्षकांसमोर दोघं एकमेकांना रहस्यकोडी घालत.

बाहेर असा खेळ रंगत असला तरी आत चाललेलं भांडण खरं होतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस एक जण देशाच्या पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला राहत असताना दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं पुढे प्रसिद्ध झाली. ती वाचवत नाहीत इतकी कडू आहेत. तू माझ्या कथानकाचा जीव काढलास, असं एकाचं म्हणणं. तुझ्या कथानकातली माणसं जिवंत नाहीतच, मला ती खरी करावी लागतात, असं दुसऱ्याचं. पण याच दिवसांत त्यांनी 'कॅट ऑफ मेनी टेल्स' लिहिली, जी त्यांच्या उत्तम कादंबऱ्यांत गणली जाते. सगळं न्यू यॉर्क शहर एका खुन्याच्या भीतीनं कसं वेडंपिसं होतं, याची ती गोष्ट. एकाला घड्याळासारखं चालणारं कोडं हवं होतं, दुसऱ्याला हाडामांसाची माणसं. दोघंही हटले नाहीत म्हणून पुस्तकात दोन्ही गोष्टी आल्या. सहलेखनात गोडी-गुलाबी असलीच पाहिजे असं नाही, हे या पत्रांवरून पटतं. एकमेकांच्या कामाचा आदर मात्र लागतो, आणि तो रागातही टिकावा लागतो.

या सगळ्यांनी सांधा लपवला. आपल्याकडे हिंदीत एका जोडप्यानं तो मुद्दाम उघडा ठेवला. मन्नू भंडारी आणि राजेंद्र यादव या पतिपत्नींची 'एक इंच मुस्कान' ही कादंबरी 'ज्ञानोदय' मासिकातून क्रमशः आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तकरूपानं निघाली. अमर हा लेखक, रंजना ही त्याची पत्नी आणि अमला ही त्याच्या आयुष्यात आलेली दुसरी स्त्री. अमरच्या बाजूची प्रकरणं यादवांनी लिहिली, रंजना आणि अमला यांच्या बाजूची भंडारींनी. म्हणजे पुरुषाचं मन पुरुषाच्या लेखणीतून, स्त्रियांचं मन स्त्रीच्या लेखणीतून. प्रकरण बदललं की आवाज बदलतो, आणि इथे तेच हवं आहे. मासिकातून हप्त्याहप्त्यानं येणाऱ्या कादंबरीत एकानं आपल्या पात्राला एका वळणावर आणून सोडायचं आणि दुसऱ्यानं ते वळण स्वीकारून पुढची पावलं टाकायची, यात केवढी जोखीम आहे! लेखन आणि संसार यांची ओढाताण हा त्या कादंबरीचा विषय, आणि ती लिहिणारी दोघं स्वतःच तो संसार करत होती. पुढे भंडारींनी 'आपका बंटी' लिहिली; त्यांच्या 'यही सच है' या कथेवर बासू चटर्जींनी 'रजनीगंधा' काढला आणि त्याआधी यादवांच्या कादंबरीवर 'सारा आकाश'. दोघंही आपापल्या जागी पूर्ण लेखक होते. म्हणूनच त्यांना तिसऱ्या आवाजाची गरज पडली नाही. दोन आवाज शेजारी ठेवून मधली फट दाखवणं हेच त्यांचं पुस्तक झालं.

मग प्रश्न येतो, लपवलेला सांधा शोधून काढता येतो का? काही अंशी येतो, आणि तो मोठमोठ्या शब्दांवरून सापडत नाही, बारक्या शब्दांवरून सापडतो. आपलं लिहिणं बघा. कुणाच्या हातून 'सुद्धा' येतं, कुणाच्या 'देखील'. कुणी 'पण'नं वाक्य वळवतं, कुणी 'मात्र'नं. विषय कुठलाही असो, या शब्दांचं प्रमाण माणसागणिक ठरलेलं असतं आणि लिहिणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ साली टोपणनावानं लिहिलेल्या ८५ लेखांपैकी १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशेहून अधिक वर्षं चालला होता. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली असेच किरकोळ शब्द मोजून कौल मॅडिसनच्या बाजूनं दिला. आता संगणक एखाद्या पुस्तकावरून जणू एक चौकट सरकवत नेतो आणि प्रत्येक ठिकाणी त्या बारक्या शब्दांचं प्रमाण कुणाशी जुळतं ते पाहतो. जोसेफ कॉनरॅड आणि फोर्ड मॅडॉक्स फोर्ड यांच्या १९०१ सालच्या 'द इनहेरिटर्स' या संयुक्त कादंबरीवर हा प्रयोग झाला, तेव्हा पुस्तक बहुतांशी फोर्डच्या हातचं निघालं. पण या मोजणीला एक अट आहे. दोघांचे हात वेगवेगळ्या पानांवर राहिलेले असले पाहिजेत. एकाच्या पानावरून दुसऱ्याचा हात फिरला, 'देखील'चं 'सुद्धा' झालं, की ठसे एकमेकांत मिसळतात. शोवाल-वालोंची कागदांची अदलाबदल आणि इल्फ-पेत्रोवांची शब्दागणिक घासाघीस या दोन्ही रीती नेमकं हेच करत होत्या.

हा तिसरा लेखक खराच होता, याचा सगळ्यात बळकट पुरावा दोघांपैकी एक गेल्यावर मिळतो. इल्फ १९३७ साली क्षयानं गेला. पेत्रोव नंतर लिहीत राहिला, युद्धवार्ताहर झाला आणि १९४२ साली सेवास्तोपोलहून परतताना विमान अपघातात गेला. ओस्ताप बेंडरची तिसरी कादंबरी झाली नाही. मॅनफ्रेड लीला शेवटच्या वर्षांत लिहिणं जमेनासं झालं, तेव्हा थिओडोर स्टर्जनसारख्यांनी डॅनेच्या टिपणांवरून काही पुस्तकं लिहून दिली. पण १९७१ साली ली गेल्यावर डॅने अकरा वर्षं जगला आणि त्यानं एलरी क्वीनची एकही नवी कादंबरी लिहिली नाही. पेर वालो १९७५च्या जूनमध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी गेला. दहावी कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, म्हणजे तीनशे प्रकरणांचा हिशेब पुरा झाला. माय शोवाल त्यानंतर जवळजवळ ४५ वर्षं, २०२०पर्यंत जगली. तिनं भाषांतरं केली, एका डच लेखकाबरोबर एक कादंबरीही लिहिली. मार्टिन बेक मात्र तिनं पुन्हा लिहिला नाही. त्या पुस्तकांचं तंत्र, पात्रं, शहर सगळं तिला मुखोद्गत होतं, वाचक आणि प्रकाशक तर केव्हाही तयार असते. पण ते लिहिणारा लेखक तिच्या एकटीच्या मालकीचा नव्हता.

लेखन म्हणजे एकांतात स्वतःला व्यक्त करणं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. या जोड्या त्या समजुतीच्या बाजूला आणखी एक शक्यता ठेवतात, आणि ती मला अतिशय आशादायक वाटते. आपला आवाज म्हणून आपण जे जपतो त्यातला बराचसा भाग सवयीचा असतो. समोर विश्वासाचं माणूस असेल, त्याच्या हाती आपलं पान बिनशर्त देण्याची तयारी असेल आणि ते खोडून आलं तरी दुसऱ्या रात्री त्याच टेबलाशी बसण्याची जिद्द असेल, तर आपल्याहून वेगळा आणि कधी कधी आपल्याहून चांगला लेखक दोघांमध्ये घडू शकतो. ज्यांना हे अनुभवून पाहायचं असेल त्यांनी 'रोझॅना' आणि 'एक इंच मुस्कान' लागोपाठ वाचाव्यात. एकीत सांधा शोधून शोधून हात टेकाल, दुसरीत तो पानोपानी दिसेल, आणि दोन्हींत दोघांनी लिहिल्याशिवाय जे लिहून झालं नसतं तेच वाचल्याची खात्री पटेल.